सिस्टरचे स्टार

"तिसऱ्यानंही कॅन्सल केलं," लेक म्हणाली.

"नाव तरी सांग त्याचं. शिव्या नेमक्या पत्त्यावर जाऊ देत," सिस्टर म्हणाल्या.

फाटकाजवळ प्लास्टिकच्या स्टुलावर त्या बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत फाइल, शाल आणि चष्मा. पावणेसात झाले होते. सातला डायलिसिसची खुर्ची मिळायची आणि अकराला ती पुढच्या पेशंटसाठी सोडावी लागायची. उशीर झाला तर वेळ पुढे सरकत नसे. रक्त तेवढं कमी धुतलं जाई आणि दुसऱ्या दिवशी सिस्टरचे पाय चपलेत मावत नसत.

बत्तीस वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात काढल्यामुळे दूधवाल्यापासून सख्ख्या भावापर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. गाडी मागवायच्या ॲपवर लेकीनं खातं उघडून दिलं, तेव्हा नावाच्या जागीही त्यांनी तेच लिहायला लावलं.

"माझ्यात खोट काय काढतात मेले?"

"तुझं रेटिंग चार पूर्णांक एक आहे, आई. भाडं घेण्याआधी त्यांना ते दिसतं."

"पाचातले चार म्हणजे ऐंशी टक्के. आमच्या वेळी याला पेढे वाटायचे."

"इथे नापास म्हणतात."

चौथा आला. लेकीनं आईला आत बसवलं, पिशवी दिली, वळसा घालून दुसऱ्या बाजूनं स्वतः बसली आणि दार ओढलं. धाडकन.

"दार आहे गं ते, वैरी नाही," सिस्टर पुटपुटल्या.

सिस्टरना दारं आपटलेली खपत नसत. बारा बाळं झोपलेल्या खोलीचं दार लावावं तशी त्या कुठलंही दार लावत. मूठ धरून ठेवायची, दुसऱ्या हाताचा तळवा सपाट टेकवायचा आणि खटका बसेपर्यंत नुसता भार द्यायचा. लहानपणी आई ड्यूटीवर कधी निघून गेली ते लेकीला कधीच कळलं नाही. जाग यायची, तेव्हा घरात आई नसायची, एवढंच.

लेक एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा होता आणि आठच्या ठोक्याला हजेरी लागायची. डायलिसिस सेंटरपाशी आईला हात देऊन उतरवायचं, कोपरानं गाडीचं दार मागे ढकलायचं, आईला आत सोडायचं आणि बस गाठायला पळायचं. धाडकन आवाज कानावर पडायचा, तोवर ती चार पावलं पुढे गेलेली असायची.

त्या दिवशी पोचायला वीस मिनिटं उशीर झाला. लेकीनं दादाला फोन लावला. दादा दुसऱ्या देशात राहायचा आणि तिथून या घरातल्या सगळ्या दुखण्यांवर उपाय सांगायचा.

"टिप देतेस का?" त्यानं विचारलं.

"नाही. आई देऊ देत नाही."

"मग झालं तर. टिप नाही, तर स्टार नाही. इतकं साधं आहे."

"ती ऐकायची नाही, दादा."

"तिला सांगायचंच कशाला? आईला विचारून या घरात आजवर कुठलं काम झालंय?"

आई का ऐकणार नाही, ते दोघांनाही पाठ होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी वॉर्डात कामाला असलेल्या आया बाळ दाखवायचे पैसे घेत. बाळ दुपट्यात गुंडाळून हातात धरायचं आणि नातेवाइकांचा हात खिशाकडे जाईपर्यंत दारातच उभं राहायचं. एका बापाच्या खिशात काही नव्हतं. तो दीड तास कॉरिडॉरच्या टोकाला उभा होता आणि त्याचं बाळ त्याच्यापासून सहा पावलांवर होतं. त्या दिवसापासून सिस्टर बाळं स्वतः बाहेर आणू लागल्या, जन्माच्या क्रमानं. कुणी हातावर काही ठेवायला गेलं, तर म्हणायच्या, "हात धुतलाय मी. परत धुवायला लावू नका." यापायी त्यांच्या तीन बदल्या झाल्या. आया पाठीमागे त्यांना 'कडू सिस्टर' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

"पूर्ण भाडं देते मी," टिपेचा विषय निघाला की त्या म्हणत. "त्याचं भागत नसेल तर कंपनीच्या दारात त्याच्याबरोबर उभी राहीन. मोर्चा काढा म्हणावं, पुढे चालते. पण हातावर काही ठेवणार नाही. हातावर ठेवलं की रांग बदलते."

लेकीनं त्याच संध्याकाळी, फोन चार्जिंगला लावायच्या निमित्तानं, आईच्या ॲपवर आपलं कार्ड जोडलं आणि सकाळच्या चालकाला टिप दिली. मग तो नेमच झाला. आठवड्यातून तीन वार, दिवेलागणीला, आईची पाठ वळली की.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात सिस्टरनी तिला घरी बसवलं. "उद्यापासून तू येऊ नकोस. तुझी पळापळ बघून माझंच बीपी चढतं. मी काय पाळण्यातली आहे?" आणि त्या एकट्या जाऊ लागल्या.

स्टार वाढले. चार पूर्णांक तीन, पाच, मग सात. गाड्या पाच मिनिटांत फाटकाशी येऊ लागल्या. सिस्टरची मान ताठ झाली. सेंटरमध्ये शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त हेडमास्तर असत. त्यांचे चार पूर्णांक चारच होते.

"अभ्यास वाढवा, मास्तर," सिस्टर त्यांना म्हणत.

"गाइड कुठलं वापरता, सिस्टर?"

"गाइड कसलं! माणसाशी माणसासारखं बोलायचं. मी गाडीत बसले की आधी विचारते, सकाळपासून पाणी प्यालास का? लघवी किती वेळ दाबून धरतोस? अरे, म्हटलं, असंच चालू ठेवलंस तर माझ्या शेजारची खुर्ची मिळेल तुला. मास्तरांना उठवावं लागेल."

हे सगळं त्या घरी येऊन जेवताना साग्रसंगीत सांगत. लेक मान खाली घालून जेवत राही.

एका रविवारी दुपारी सिस्टर फोन घेऊन स्वयंपाकघरात आल्या. त्यांनी चष्मा लावलेला होता.

"हे वाच."

पडद्यावर एक हसरा चेहरा होता आणि खाली ओळ: 'टिपबद्दल मनापासून धन्यवाद!'

"चुकून आलं असेल."

"मुद्रितं तपासणाऱ्या बाईनं 'चुकून' म्हणू नये. ऐंशी टक्के भरलेला फोन तू रोज चार्जिंगला लावतेस, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. कधीपासून?"

लेकीनं सांगितलं.

"म्हणजे हे चार पूर्णांक सात तुझ्या पाकिटातले."

"आई, गाडी वेळेवर येते ना? तेवढंच हवं होतं ना आपल्याला?"

"मला गाडी हवी होती. तू मला रांगेत पुढे घुसवलंस." सिस्टरचा आवाज चढला नाही, वॉर्डातही कधी चढत नसे. "बत्तीस वर्षं ज्या हातावर मी कुणाला काही ठेवू दिलं नाही, त्याच हातातल्या फोनवरून तू लोकांच्या हातावर ठेवत होतीस. आणि मी मेली तिकडे मास्तरांना शिकवत होते."

"उशिरा पोचून मेलीस तर?" लेकीच्या तोंडून निघून गेलं.

"तर मेले. पण माझ्या नावावर मरेन. बंद कर हे. आजपासून."

"बरं," लेक म्हणाली.

तिनं बंद केलं नाही. धन्यवादाचे निरोप पुसायला मात्र शिकली.

सिस्टरनी पुन्हा तो आकडा पाहिला नाही. गाडी आली की त्या बसत, चालकाला पाणी प्यालास का ते विचारत, उतरत. घरी येऊन काही सांगत नसत. मास्तरांनी एकदा निकालाची चौकशी केली, तेव्हा म्हणाल्या, "कॉपी करून पास झाले होते, मास्तर. निकाल रद्द." मास्तर हसले. त्यांना तो विनोद वाटला. त्या दिवशी रजा काढून घ्यायला आलेली लेक मागे उभी होती. तिनं शालीची घडी घातली, मोडली आणि परत घातली.

तीन महिन्यांनी, डायलिसिसचा वार नसताना, पहाटेच्या झोपेत सिस्टर गेल्या. लेकीला जाग आली, तेव्हा घरात आई नव्हती, एवढंच.

महिन्याभरानं सेंटरमधून फोन आला. कपाटात शाल आणि फाइल राहिली आहे, घेऊन जाता का? लेकीनं आईचाच फोन उघडून गाडी मागवली. का, ते तिला सांगता आलं नसतं. गाडी चार मिनिटांत फाटकाशी आली. चालवणारी एक पन्नाशीची बाई होती. केस घट्ट बांधलेले, खिडकीला अडकवलेला ओला रुमाल.

"सिस्टर तुम्हीच का?" तिनं आरशातून विचारलं.

"आईचं खातं आहे."

"चार पूर्णांक नऊ! मी माझ्या नवऱ्याला फोटो काढून पाठवला. म्हटलं, बघ, अशी माणसं असतात जगात."

लेक खिडकीबाहेर बघत म्हणाली, "टिप मिळत होती ना सगळ्यांना. त्याचे आहेत ते."

"टिपेचे?" बाई हसली. "कुणी सांगितलं तुम्हाला? अहो ताई, स्टार आधी द्यावे लागतात. पॅसेंजर उतरला रे उतरला की पडद्यावर पाच चांदण्या येतात. त्या दाबल्याशिवाय पुढचं भाडंच दिसत नाही. टिप येते मागाहून. संध्याकाळी, नाहीतर दुसऱ्या दिवशी. तीही कुणाची, ते कळत नाही. सगळी एकत्र येते."

"पण तुम्ही धन्यवाद पाठवता."

"मी? मला श्वास घ्यायला वेळ नाही. ते कंपनी पाठवते, आपोआप. हसरं तोंडही कंपनीचंच."

सिग्नल लागला. तो सुटल्यावर लेक पुढे सरकून बसली.

"मग स्टार कशावरून देता?"

"खरं सांगू? दारावरून." बाईनं मागे बोट दाखवलं. "गाडीत माणूस गोड बोलतो, गप्प बसतो, फोनवर भांडतो, ते सगळं आपण विसरतो. उतरताना दार लावतो, ते कानात राहतं. दिवसातून पंचवीस वेळा दार आपटतं, ताई, आणि दार माझं आहे, कंपनीचं नाही. धाडकन वाजलं की बोट आपलं आपण तिनावर जातं. तुमच्या आई दार हळू लावत असणार. पैज लावते."

लेक आईसोबत जायची, त्या पहिल्या चार महिन्यांत गाड्यांची दारं कुणी लावली होती, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. जाताना एकदा ओढून, उतरल्यावर एकदा कोपरानं. दुसऱ्यांच्या चुकांवर लाल खुणा करण्यात तिची वीस वर्षं गेली होती.

आणि नंतरचे स्टार, वाढत गेलेले, रद्द केलेले, सगळेच्या सगळे सिस्टरचे होते.

"असतात का घरी?" बाईनं विचारलं.

"नाही. गेली ती. महिना झाला."

बाईनं रेडिओचा आवाज बंद केला.

सेंटर दिसू लागलं. आज मास्तरांचा वार होता. आधी त्यांच्या खुर्चीपाशी जायचं, शाल मग, असं लेकीनं ठरवलं. मास्तर, आईचा निकाल लागला. कॉपी तिनं केलीच नव्हती. कॉपी करणारी मी, आणि मला तीही जमली नाही.

गाडी थांबली. हातातला फोन थरथरला. 'चालकाला टिप द्यायची?' खाली तीन आकडे आणि अगदी बारीक अक्षरात 'नको'.

"विचारतोय ना?" बाई म्हणाली. "तुम्ही उतरायच्या आधीच विचारतो आता. द्या, नका देऊ. मला वाईट वाटत नाही. भाड्यातलं निम्मं कंपनी कापते आणि उरलेल्याची भीक तुमच्याकडे मागायला लावते, त्याचं वाईट वाटतं. सोमवारी आम्ही सगळे त्यांच्या ऑफिससमोर गाड्या लावून उभे राहणार आहोत."

लेकीनं 'नको'वर बोट ठेवलं. चांगलं दाबून ठेवलं.

"सोमवारी किती वाजता?"

"दहाला. का हो?"

"पुढे चालायचं कबूल केलं होतं आईनं. तिच्या वतीनं मी येते."

बाईनं आरशातून तिच्याकडे नीट पाहिलं. थट्टा नाही, हे कळल्यावर मान हलवली. "पाणी घेऊन या. ऊन असतं तिथे."

"तुम्ही प्यालात का सकाळपासून?" लेकीनं विचारलं आणि ती खाली उतरली.

मूठ तिनं धरून ठेवली. दुसऱ्या हाताचा तळवा दारावर सपाट टेकवला, आणि नुसता भार दिला.

दार लागलं की नाही, ते बघायला बाईनं मागे मान वळवली.