न वाकणारा पाय

बैलानं लाथ मारून नाथाची नडगी मोडली. सोनिवलीच्या वैदूनं मांडीपासून घोट्यापर्यंत बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या. चार-पाच दिवसांनी नाथाची बायको कौसाबाई पाय पुसायला बसली, तर बोटं निळी आणि गार पडलेली. चिमटा काढला तरी नाथाला कळेना.

शेजारच्या जनूनं दोघांना बैलगाडीतून बदलापूरला आणलं. रेल्वे नुकतीच गेली होती. उल्हासनगरच्या कॅम्पात, म्हणजे सिंधी वस्तीत, दवाखाना होता आणि तिकडे जाणारी बस तेवढी उभी होती.

बाकं इतकी जवळ, की धडधाकट माणसाचे गुडघेही पुढच्या बाकाला टेकत. नाथाला कसंबसं बसवलं, तर पाय सगळा वाटेत आला.

"पाय आत घ्या," कंडक्टर म्हणाला.

"वाकत नाय, दादा. कामट्या हायेत."

"मग मी माणसं घेऊ कशी? उतरा, दुसरं काही बघा."

कौसाबाई उतरली नाही. ती वाटेतच फतकल मारून बसली आणि नाथाचा पाय तिनं मांडीवर घेतला. "माणसं माझ्या अंगावरनं जाऊ द्या. यांना धक्का नको."

कंडक्टरनं पुटपुटत घंटी मारली.

अंबरनाथला कारखान्याची माणसं चढली. कुणाचा बूट तिच्या पाठीत लागला, कुणाचा डबा डोक्यात. कामट्यांना धक्का बसला की नाथा ओठ चावायचा.

"तोडतील का गं पाय?"

"गप बसा." ती बोटं चोळत राहिली. ऊब येईना.

शेवटी पापडाची टोपली घेतलेली एक सिंधी म्हातारी चढली. तिनं ती बोटं पाहिली, टोपली खाली ठेवली आणि गर्दीकडे पाठ करून कौसाबाईसमोर बसकण मारली. "उधर ही खड़े रहो," ती मागच्यांना म्हणाली. कॅम्प येईपर्यंत तिला ओलांडायची कुणाची छाती झाली नाही.

उतरताना लोकांनी नाथाला उचललं, पण कौसाबाईला उठता येईना. तिचे पाय बधिर झाले होते. बसच्या पायऱ्या ती बसूनच उतरली आणि लंगडत त्याच्यामागे गेली.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी कामट्यांच्या दोऱ्या कापल्या. बऱ्याच वेळानं ते बाहेर आले. "दोन बोटं जातील. पाय बहुतेक राहील."

ती आत गेली.

"काय म्हणले?" नाथानं विचारलं.

"ऱ्हाईल म्हणले."

दोन बोटांचं आणि ते 'बहुतेक' तिनं स्वतःजवळ ठेवलं, आणि त्याच्या पावलावर हात ठेवून ऊब शोधत बसली.