पहिल्या प्रकरणातल्या चार ओळी

चरित्रलेखिकेनं झेरॉक्सचा कागद टीपॉयवर पसरला आणि पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर चष्म्याचं घर ठेवलं.

"हा सात पाहा. त्याच्या मधोमध आडवी रेघ आहे. सरांच्या एकाही वहीत असा सात नाही. तुम्ही मला पाठवलेल्या पत्राच्या तारखेत मात्र आहे."

आत्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. सर म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, नावाजलेले हवामानशास्त्रज्ञ. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. भाचरांचं ऐकून सगळेच बाईंना आत्या म्हणत.

"माझाच आहे," त्या म्हणाल्या. "एक की सात ते कळलं नाही, की वही अंगावर यायची. म्हणून सातला कंबरपट्टा बांधला."

"म्हणजे तापमानाच्या अकरा वर्षांच्या सगळ्या नोंदी..."

"दिवसातून तीनदा. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री नऊ. तापात असले तरी. तो कॉलेजात नाहीतर परिषदेत. उंटावरून शेळ्या हाकायच्या, तर शेळ्यांपाशी कुणीतरी लागतंच ना!"

चरित्रलेखिकेला हसू आलं नाही. तिनं वीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं होतं. ज्यानं मापन घेतलं त्याचं नाव कागदावर हवंच, हे प्रयोगशाळेत दर वर्षी नव्या मुलींना बजावलं होतं. आणि चरित्र लिहिताना संस्थेतल्या, सरांच्या अक्षरात उतरवून काढलेल्या स्वच्छ वह्या पाहून तापमापीपाशी कोण उभं होतं हे विचारायचंच तिच्याकडून राहिलं होतं. पुस्तक येऊन आठ महिने झाले होते. मूळ नोंदीचा हा एकच सुटा कागद गेल्या आठवड्यात एका फायलीत सापडला. एवढ्यावर संपादक ऐकणार नव्हते.

"दुसरी आवृत्ती निघतेय. तुमच्यावर एक पूर्ण प्रकरण घालता येईल. मूळ वह्या तुमच्याकडे आहेत ना?"

"होत्या. दोन ट्रंका भरून."

"होत्या?"

"रद्दीत दिल्या. तुझं पुस्तक वाचलं आणि दिल्या."

चरित्रलेखिकेनं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि हातातच ठेवला.

"अशी बघू नकोस. अगं, तुझ्या पुस्तकापायी दोनदा दूध उतू गेलं माझं. पहिल्याच प्रकरणात धरलंस मला." आत्या थोड्या पुढे सरकल्या. "तो परदेशी निघाला ना, त्याच्या आदल्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. शोधनिबंधावर माझंही नाव घाल, एवढंच म्हटलं होतं मी. सकाळी निघताना एक शब्द बोलला नाही. मी कोपऱ्यातल्या खोलीत कडी लावून बसलेली. फाटक वाजलेलं ऐकलं, बस्स. त्यानंतर चाळीस वर्षं त्या वह्या जपल्या. वह्या कसल्या, राग जपला. एक दिवस जगाला दाखवीन म्हणून. आणि तू लिहिलंस, तो फाटकाशी थांबला, बॅग खाली ठेवली आणि कोपऱ्यातल्या बंद खिडकीकडे बराच वेळ बघत राहिला."

चरित्रलेखिकेला संपादक आठवले.

'बाई, हे चरित्र आहे की प्रयोगवही?' संपादकांनी विचारलं होतं. 'वाचकाला दारातच धरा.' तेव्हा एका दुपारी तिनं त्या चार ओळी लिहिल्या होत्या. फाटकाशी काय झालं ते तिला कुणीही सांगितलं नव्हतं. परीक्षणांत सगळ्यांनी नेमक्या त्याच उचलल्या.

"कादंबरीत असतं तर नाक मुरडून पान उलटलं असतं मी," आत्या म्हणाल्या. "पण हे चरित्र. तेही तुझं. तू तर आमच्या अंगणाची लांबीसुद्धा दोनदा विचारून घेतलीस. शेजारच्या मास्तरांनी सांगितलं असणार. ते तेव्हा झाडांना पाणी घालत असायचे. हो ना?"

"आत्या, त्या चार ओळी..."

"पाठ आहेत मला. राग गेला, मग ट्रंका कशाला अडवायच्या? माझं नाव राहू दे आता. काय करायचंय त्याचं?"

चरित्रलेखिकेनं कागदाची घडी घातली. मग आणखी एक घातली.

"एकच राहिलंय बघ तुझ्याकडून," आत्या हळू आवाजात म्हणाल्या. "नवीन आवृत्तीत घाल. खिडकीकडे बघताना तो कसा दिसत होता? अजून रागातच होता का?"

पंखा फिरत होता. आत्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, एकमेकांत घट्ट धरलेले.

"नाही," चरित्रलेखिका म्हणाली. "रागात नव्हते."

आत्यांची बोटं सैल झाली.

"मग लिहून घे. नाहीतर विसरशील."

चरित्रलेखिकेनं पर्समधून वही काढली, कोरं पान उघडलं आणि प्रयोगवहीच्या सवयीनं आधी वर तारीख घातली.