न गंजलेला खिळा

जूनमध्ये भाषण स्पर्धेत पहिला नंबर काय आला, तेव्हापासून मुस्कान दहावी ब मध्ये दुसऱ्या कुणाला तोंड उघडू देईना. विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं आणि वर्गातल्याच तेजस्वीनं एक प्रयोग घेतला. ओल्या हवेत कुठला धातू किती टिकतो? ओला स्पंज घातलेल्या डब्यात लोखंडी खिळा, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, तांबं, ॲल्युमिनियम आणि स्टील ठेवलं. डबा राजारामपुरीत, मुस्कानच्या अब्बांच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात. रोज उघडून नोंद करायचं काम मुस्कानचं. पण ती आरशासमोर प्रदर्शनात करायचं भाषणच घोकत बसली.

पंधरा दिवसांनी शाळेत नेताना तक्ते मुस्काननं घेतले, डबा तेजस्वीनं. वर्गात मॅडमसमोर झाकण काढलं. तांबं काळवंडलेलं, पत्र्यावर पांढरी भुकटी, ॲल्युमिनियम जरा मळकट, स्टील होतं तसंच. आणि ज्यानं सगळ्यात आधी गंजायचं, तो खिळा चकाचक.

वर्ग खो खो हसला. मुस्कानचं डोकंच फिरलं. तेजस्वीनं वाटेत डबा पाडला असणार, खिळा हरवल्यावर नवा टाकला असणार, असं तिनं खणखणीत आवाजात सांगून टाकलं.

"मी न्हाय बदलला," तेजस्वी म्हणाली. पण हळू म्हणाली. मॅडमनी तक्त्यावरचं तिचं नाव खोडलं.

संध्याकाळी अब्बा तेलाचं फडकं घेऊन बसले होते. पावसाळ्यात कात्रीपासून शटरच्या कडीपर्यंत सगळ्या लोखंडावरून रोज तेलाचा हात फिरवल्याशिवाय त्यांना घरी जाववत नाही.

"बघितला का तुझा खिळा मॅडमनी?" त्यांनी कौतुकानं विचारलं. "दुसऱ्याच दिवशी तांबूस व्हायला लागलता. रोज पुसून तेल लावलं. लेकीचा खिळा हाय, गंजून कसं चालंल?"

मुस्कानचे कान तापले. अब्बांना काय बोलणार? पंधरा दिवसांत एकदा जरी तिनं झाकण उघडलं असतं तरी कळलं असतं.

सकाळी तिनं तेजस्वीच्या बाकाशी वाकून सगळं सांगितलं, माफी मागितली. तेजस्वीनं पेनाचं टोपण लावलं.

"कानात का सांगतीस? काल बोललीस तेवढ्या मोठ्यानं सांग की."

मॅडम आल्या. मुस्कान उभी राहिली, पण पहिलं वाक्यच सापडेना. मग कसंबसं आलं, "खिळा तेजस्वीनं बदलला नव्हता. अब्बांनी तेल लावलं होतं, आणि मी बघितलंच नव्हतं."

"ऐकू येत न्हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

मुस्काननं ते सगळं पुन्हा सांगितलं.