सुनेने न वाचलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुनी घरनोंदणीची वही आहे. इसिक-कुल सरोवराच्या दक्षिण काठावरच्या एका गावात, नोंदणी कचेरीच्या कपाटात मी राहते. माझा पुठ्ठा उसवला आहे, कडा उंदरांनी कुरतडल्या आहेत. पण पोटातलं एकही नाव मी सांडलेलं नाही.

नवी होते तेव्हा मला फार भीती वाटायची, की कोणी आपल्यात काहीबाही लिहून ठेवलं तर? नशिबाने मी कचेरीतले कारकून सगिनबेक आके यांच्या हाती पडले; थोरल्या पुरुषाला आमच्याकडे मानाने 'आके' म्हणतात. घर नोंदवण्याआधी ते दोन शेजाऱ्यांना बोलावत, चहा पाजत आणि घर कोणाचं हे तीनतीनदा विचारत. मगच जांभळ्या शाईत लिहीत. मला कोणी उगाच चाळलेलं त्यांना खपत नसे. एकदा एक परका माणूस एका विधवेचं घर विचारत आला. आके म्हणाले, "तिला काम असेल तर ती येईल. तू कशाला नाक खुपसतोस?" आणि त्यांनी कपाटाला कुलूप घातलं. वहीत आहे म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं लोक म्हणत. मला त्याचा जरा गर्वच झाला होता.

आके गेले आणि संगणक आले. महिनाभरात सगळी वही संगणकात चढवा, असा वरून हुकूम आला. टाइप करायला बेरमेत नावाची कारकून होती. जुनं अक्षर वाचून दाखवायला गावातलीच एक सून, अनारकुल, रोजंदारीवर घेतली होती.

त्रेचाळिसाव्या ओळीपर्यंत ती घडाघडा वाचत आली. ती ओळ मैरामबेकची, म्हणजे कामासाठी रशियात गेलेल्या तिच्या शेजाऱ्याची. पुढची ओळ तिच्या सासऱ्यांची होती, ओरोझबेक यांची. आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही. अनारकुल अडखळली.

"चव्वेचाळीस... हे आमचंच घर गं. नाव तूच बघून लिही ना."

"लिहिते एजे," थोरल्या बहिणीला हाक मारावी तशी बेरमेत म्हणाली, "तुम्ही चला पुढे. जेवणाआधी एवढं पान उरकू."

बेरमेतने बघितलं नाही. रिकामी चौकट संगणक घेईना, म्हणून तिने तात्पुरतं वरचंच, मैरामबेकचं, नाव खाली उतरवलं आणि नंतर ती विसरली. मी समोर उघडी पडून सगळं पाहत होते, पण वहीला कुठे तोंड असतं?

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. नोंदी सगळ्यांना खुल्या झाल्या. नाव, घर क्रमांक, जन्मतारीख, ओळखपत्राचा आकडा. ज्याच्या हाती फोन, त्याला सगळं दिसू लागलं. मैरामबेकच्या नावावर दोन घरं दिसतात आणि तो वर्षानुवर्षं गावाकडे फिरकत नाही, हे शहरातल्या एका भामट्याने हेरलं. तेच आकडे वापरून त्याने मैरामबेकच्या नावाचं खोटं मुखत्यारपत्र केलं आणि ते दुसरं घर विकून तो पसार झाला. खरेदीदार मोजपट्टी घेऊन आले तेव्हा म्हातारे ओरोझबेक अंगणात जर्दाळू वाळत घालत होते.

दुसऱ्या दिवशी सगळे कचेरीत जमले. साहेबांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "इथे तुमचं नावच नाही, आके. घर रिकामं करावं लागेल."

"बासष्ट वर्षं राहतोय मी तिथं. भिंती मी लिंपल्यात आणि तू त्या काचेला विचारतोस?"

आपण कुठे थांबलो होतो, ते अनारकुलला आठवलं. ती धावतच मागच्या खोलीत आली. मी तिथे रद्दीच्या गोणीत होते. तिने मला बाहेर ओढलं आणि ते पान साहेबांपुढे उघडलं.

"मला हे अक्षर लागत नाही," साहेब म्हणाले. "तुम्हीच वाचा, मोठ्यानं. तुमचा जबाब म्हणून लिहून घेतो."

तिने ओळीवर बोट ठेवलं आणि सासऱ्यांकडे पाहिलं.

"वाच पोरी," म्हातारे म्हणाले. "माझा मान राखशील आणि मला उघड्यावर आणशील. मीच सांगतोय, वाच."

तिने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला. "चव्वेचाळीस. ओरोझबेक." एवढं म्हणून ती रडू लागली. मलाही फार वाईट वाटलं.

काही दिवसांनी नोंद दुरुस्त झाली. साहेबांनी सासरे-सून दोघांना बोलावून पडदा त्यांच्याकडे वळवला. "बघा आके, आता नाव, वय, घर, सगळं अचूक!"

"आणि हे दिसतं कोणाकोणाला?"

"सगळ्या जगाला!"

"माझ्या सुनेनं तीस वर्षं हे नाव जपलं," म्हातारे म्हणाले, "आणि तू ते वेशीवर टांगलंस होय?"

मित्रांनो, ते घर वाचलं, पण माझी धास्ती गेलेली नाही. चुकीचं पान आधीच कितीजणांनी उतरवून घेतलंय, कोण जाणे. परवाच ते जुनं पान दाखवत आणखी एक खरेदीदार ओरोझबेकांच्या दाराशी येऊन गेला. मला पुन्हा कपाटात ठेवलंय खरं, पण माझ्या उरलेल्या दोनशे ओळी पडद्याशी कोणीच ताडून पाहिलेल्या नाहीत. तुमच्या घराचीही अशी नोंद कुठेतरी असेल. ती खरी आहे का, आणि ती कोण बघतं, एवढं एकदा विचारा. मला टाकायचं तर खुशाल टाका, पण आधी त्या ओळी तपासा. त्यांत माणसं राहतात.