चैत्रातली दुसरी फेरी

मी एक जुनी जीप आहे. माझा हिरवा रंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचा झाला आहे आणि मागचे दार सुतळीने बांधलेले आहे. तरी इंजिन अजून पहिल्याच चावीला सुरू होते, हे मी अभिमानाने सांगते.

मित्रांनो, माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला, पण आयुष्य गेले जुन्नरच्या दिलावरभाईंच्या दारात. ओतूरच्या बाजाराला मी कोथिंबीर नेली, नवऱ्या नेल्या, आजारी माणसे नेली. "चढाला हिच्यासारखी गाडी न्हाई," असे लोक म्हणत. पुढे चकचकीत गाड्या आल्या आणि माझ्या मागच्या बाकावर कोंबड्या अंडी घालू लागल्या. मला विसरली नाही ती फक्त कारवीची वाडी. डिंगोऱ्याच्या पुढे, डोंगरात ती आहे. तिथला शेवटचा चढ इतर गाड्यांना झेपत नसे.

एका मार्गशीर्षात मी पाणीयोजनेच्या साहेबांना तिथे नेले. हवा गार होती, गवत सोन्यासारखे पिवळे झाले होते आणि झरा खळखळत होता. साहेब ओंजळीने पाणी प्यायले.

"एवढं गोड पाणी! तुम्हाला कसली टंचाई?" असे म्हणून त्यांनी कागदावर 'पाणी पुरेसे' लिहिले.

तेव्हा वाडीतल्या द्रौपदाबाई पुढे आल्या. "सायेब, हे थंडीतलं हाय. आमचं खरं पाणी बगायचं तर चैतात या."

"बघू," साहेब म्हणाले.

चैत्र आला, साहेब आले नाहीत. मग द्रौपदाबाई डोंगर उतरून त्यांच्या कचेरीच्या दारात बसल्या. दोन दिवस बसल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब वैतागून उठले. "चला, एकदाचं बघून टाकू. पण आज पाच वाजता टंचाईच्या गावांची यादी बंद होते, तेवढं लक्षात ठेवा."

त्या दिवशीचा चढ मी जन्मात विसरणार नाही. दगड तापले होते. माझ्यातले पाणी उकळू लागले. दिलावरभाईंनी बरोबरचे दोन्ही कॅन वाटेतच माझ्यात रिकामे केले. वाडीत पोहोचता पोहोचता माझी रबरी नळी फाटली आणि उरलेसुरले पाणी मातीत गेले.

झऱ्याच्या जागी एक खळगा उरला होता. बायका ओळीने बसल्या होत्या. पाझर साचला की वाटीने पाणी उचलायचे आणि पुन्हा थांबायचे. साहेबांनी घड्याळ लावले आणि स्वतः तांब्या भरायला बसले. तांब्या भरायला बावीस मिनिटे लागली. त्यांनी जुना शेरा खोडला, नवा लिहिला आणि सही केली.

पण आता खाली जायचे कसे? दिलावरभाईंनी नळीला रबराची पट्टी आवळून बांधली. "पट्टी टिकंल सायेब. पर आत पानी न्हाई. अशी चालवली तर इंजिनच जाईल." वाडीत फोनला रेंज नव्हती आणि दोन्ही मोटारसायकली सकाळीच कामावर गेल्या होत्या.

द्रौपदाबाईंनी आपला हंडा उचलला. त्यांची सून पहाटेपासून तो भरत बसली होती. त्या माझ्याजवळ आल्या.

"अगं द्रौपदे, घरात प्यायला काय ठिवशील?" ओळीतल्या झुंबरबाई ओरडल्या.

"राहू द्या बाई, मी चालत जातो," साहेब म्हणाले.

"चालत कवा पोचाल? बसा गाडीत! कागद खाली गेला न्हाई, तर फुडल्या चैतातबी आमी हितंच बसायचं." आणि त्यांनी हंडा माझ्यात ओतला. एक थेंबही बाहेर सांडू दिला नाही.

मित्रांनो, गाडीला लाज वाटते का, ते मला ठाऊक नाही. मला त्या दिवशी वाटली. मनात एवढेच होते, की आता वाटेत थांबायचे नाही. दिलावरभाईंनी मला हळूहळू, सांभाळून उतरवले. वळणावर पट्टी ओली झाली, पण सुटली नाही. पाचला दहा मिनिटे कमी असताना मी कचेरीसमोर उभी होते.

वर्षभरात झऱ्याखाली मोठी टाकी झाली. थंडीत वाहून जाणारे पाणी आता तिथे साठते. वैशाखाच्या शेवटी अजून थोडी चणचण भासते, पण वाटीने पाणी भरणे संपले.

मला भंगारात द्यावे, असे हल्ली काहीजण म्हणतात. दिलावरभाईंनी मात्र मला नवीन नळ्या बसवल्या. जुन्या यंत्राला वेळेवर तेलपाणी मिळाले, तर ते खूप काम करते. आणि तुम्ही थंडीत डोंगर पाहायला जरूर जा, पण एकदा चैत्रातही जा. आपले पाणी आपण घेऊन जा.

पलीकडच्या कड्यावरच्या वाडीने यंदा साहेबांना बोलावले होते. पौषात आम्ही जाऊन आलो. तिथेही झरा भरून वाहत होता. साहेबांनी पाणी पाहिले, कागदाची घडी कोरीच खिशात ठेवली आणि म्हणाले, "दिलावरभाई, चैत्रातली तारीख धरून ठेवा."