भागीरथेची कॅसेट

मित्रांनो, माझ्या पाठीवरची चिठ्ठी उंदरानं अर्धी कुरतडली आहे, म्हणून माझी ओळख मलाच करून द्यावी लागते. मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. काळी, चौकोनी, पोटात दोन चाकं असलेली. तुमच्यापैकी कोणी मला पाहिलं तर कंपासपेटी समजून उघडायला जाईल. मला त्याचा राग नाही. माझ्या पोटात लांबच लांब फीत आहे आणि त्या फितीवर 'नदीपारची सून' नावाचा एक काळा-पांढरा सिनेमा आहे.

सिनेमा माझ्याहून पुष्कळ वडील. त्याचं चित्रीकरण पोंभुर्णा तालुक्यात, वैनगंगेच्या काठच्या एका गावात झालं होतं. त्यात एक गाणं आहे. नवरी नावेतून सासरी निघते आणि गावच्या बाया दरडीवर उभ्या राहून तिला निरोप देतात. त्या बाया नट्या नव्हत्या. सिनेमावाल्यांनी गावातूनच बोलावून त्यांना उभं केलं होतं. त्यांत सगळ्यांत वर, चित्राच्या अगदी वरच्या कडेला, डोक्यावर घागर घेऊन एक तरुण बाई उभी आहे. तिचं नाव भागीरथा. चित्रीकरण झालं त्याच वर्षी ती तापानं गेली. तिची मुलगी इंदू तेव्हा रांगत होती. भागीरथेचा फोटो कोणी काढलेला नव्हता. या जगात तिचा चेहरा उरला होता तो एवढाच, गाण्यातल्या काही क्षणांचा.

मला गोंडपिपरीच्या सादिकभाईंनी आणलं. बाजारात त्यांची व्हिडिओ लायब्ररी होती. गावोगावची मंडई, म्हणजे गावची जत्रा, आली की ते टीव्ही आणि व्हीसीआर बैलबंडीत घालून निघायचे. मंडईच्या दिवशी रात्री नाटक असे, म्हणून व्हिडिओ दुपारी दाखवायचा. शाळेच्या खोलीच्या खिडक्यांना गोधड्या बांधल्या की अंधार व्हायचा. भागीरथेच्या गावात मी पहिल्यांदा लागले तेव्हा हे गाणं आलं आणि मागून एक पोक्त बाई उठून उभी राहिली.

"थांबवा जी सादिकभाऊ, थांबवा! ते आमची भागीरथा आहे!"

सादिकभाईंनी बटण दाबलं. चित्र जागच्या जागी उभं राहिलं. मग ती बाई, गुलाबबाई तिचं नाव, पुढं आली आणि तिनं पडद्याच्या काचेवर, भागीरथेच्या कपाळावर कुंकू लावलं. भागीरथा सवाष्ण गेली होती ना. तिच्यामागं दुसरी बाई आली, तिसरी आली. काच लाल झाली. सादिकभाई खांद्यावरचं फडकं घेऊन धावले, कारण त्या काचेला कुंकू चिकटून बसायचं आणि पुसलं की आणखी पसरायचं. बटण पुन्हा दाबून ते पुसत होते आणि त्यांच्या हाताआड मी पुढं चालत होते.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. दर मंडईला मला न्यायचं, भागीरथेपाशी थांबवायचं, बायांनी कुंकू लावायचं, सादिकभाईंनी पुसायचं. "मांगं घ्या, पुना एकडाव," असं कोणीतरी म्हणायचंच. इंदू आता लग्नाच्या वयाची झाली होती. ती सगळ्यांत पुढं बसायची. थांबलेल्या चित्रात भागीरथेचा चेहरा गंभीर होता, ओठ मिटलेले, नजर उन्हाला दबलेली. गुलाबबाई एकदा इंदूकडं बघायची, एकदा पडद्याकडं, आणि मान हलवायची.

"नाक नाई, डोळे नाई. पोरगी मायवर नाई गेली वो."

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण इंदू प्रत्येक वेळी आपला चेहरा चाचपडून पाहायची, हे मी व्हीसीआरच्या फटीतून पाहत आले आहे. सगळं गाव जिला ओळखतं ती आपली आई, आणि आपल्यात तिचं काहीच नाही, याचं तिला फार वाईट वाटे. मलाही वाटे. मला बोलता येत असतं तर मी तिला एक गोष्ट सांगितली असती.

पुढं काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. सीडीच्या चकत्या आल्या. सादिकभाईंची लायब्ररी बंद पडली. माझ्या साऱ्या बहिणी भंगारात गेल्या. मला मात्र त्यांनी जुन्या लुंगीत गुंडाळून फळीवर ठेवलं. "याच्यात इंदूबाईची माय आहे," एवढंच ते म्हणाले. त्या एका वाक्यावर मी आजवर जिवंत आहे.

इंदूची इंदुताई झाली. तिचा मुलगा प्रवीण मोहर्लीच्या जंगलात सफारीची जिप्सी चालवतो. आजीचा चेहरा आईला नीट दाखवायचा, हे त्यानं मनावर घेतलं होतं. त्यामुळं त्या सिनेमाची नवी आवृत्ती निघाली की तो घेऊन यायचा. माझ्या या धाकट्या भावंडांबद्दल मी वाईट बोलणार नाही, पण खरं सांगायला हवं. पहिली आली ती दोन चकत्यांची सीडी. दोन चकत्यांत सिनेमा मावेना म्हणून त्यांनी गाणंच कापलं. नवरी अंगणात रडते आणि पुढच्याच क्षणी सासरी भाकरी थापते. मग डीव्हीडी आली. तिच्यात गाणं होतं, चित्रही माझ्याहून चांगलं. पण नव्या रुंद टीव्हीवर पडदा भरून दिसावं म्हणून तिची वरची आणि खालची पट्टी छाटली होती. भागीरथेचं लुगडं दिसायचं, हात दिसायचे, मानेच्या वर काही नाही.

"माह्या मायचं डोस्कं कुठी गेलं?" इंदुताईनं विचारलं. प्रवीणनं टीव्ही बंद केला.

मागच्या वर्षी तिसरी आली. ही मात्र राजकन्या. मूळ फिल्म शोधून, धुऊन-पुसून, एकेक ओरखडा काढून केलेली. चित्र पूर्ण, चौकोनी, छाटलेलं नाही. नदीच्या पाण्यावरची चकाकी अशी की मी बापडी तिच्यापुढं धुरकट दिसेन. पण मूळ फिल्मचा नेमका तेवढा तुकडा कुजला होता. नाव या काठावरून सुटते आणि एकदम त्या काठाला लागते. दरडीवरच्या बाया त्यात नाहीतच.

म्हणून धान कापून झाल्यावर एका दुपारी मायलेक गोंडपिपरीला आले. सादिकभाई आता थकले आहेत, पण त्यांनी मला स्वतः खाली काढलं. माझे स्क्रू खोलले, फितीवरची पांढरी बुरशी मऊ कापडानं हळूहळू टिपली. जुना व्हीसीआर त्यांनी आधीच दुरुस्त करून ठेवला होता. प्रवीणनं एक वायर लावून माझ्यातलं चित्र लॅपटॉपमध्ये उतरवायची सोय केली. मग सादिकभाईंनी फीत उजेडात धरली आणि त्यांचा हात थांबला.

"बाई, एक सांगू का? गाण्यापाशी फीत झिजून गेली. इतके साल आपण त्याच जागी थांबवलं ना, मशीन तेवढीच जागा घासत राह्यली. आता थांबवली त तुटंल. मांगं घेता येनार नाई, थांबवता येनार नाई. एकच डाव चालंल."

"काका, मी रेकॉर्ड करून राह्यलो ना," प्रवीण म्हणाला.

"फितीत असंल त उतरंल, बेटा."

इंदुताई पदर खोचून पुढं बसली. "चालवा, भाऊ."

मित्रांनो, मी किती घाबरले होते म्हणून सांगू. चाकं फिरली, करकर झाली, चित्र डोललं आणि स्थिर झालं. गाणं सुरू झालं. नाव सुटली. सादिकभाई सवयीनं फडकं हातात घेऊन टीव्हीशेजारी उभे होते. कॅमेरा बायांच्या रांगेवरून सरकत गेला, वरच्या कडेला भागीरथा आली, आणि तिचा चेहरा आला तिथं नुसत्या पांढऱ्या रेघा फरफरल्या. प्रेमानं थांबवून थांबवून गावानं तोच चेहरा पुसून टाकला होता. प्रवीणनं मान खाली घातली. इंदुताईचा हात आपोआप बटणाकडं गेला.

"थांबवू नका, बाई," सादिकभाई म्हणाले. तिनं हात मागं घेतला.

मी चालत राहिले. रेघा सरल्या. चित्र स्वच्छ झालं. आणि इतकी वर्षं कुंकवाच्या आणि फडक्याच्या आड जे घडत आलं होतं ते आज उघड्या काचेवर घडलं. नावेतलं कोणीतरी काही बोललं असावं. भागीरथेनं घागर सावरली, मान थोडी तिरपी केली आणि ती हसली. डावा गाल आधी वर गेला, मग दोन्ही डोळे बारीक झाले, आणि हसू लपवायला तिनं पदराचं टोक ओठांवर धरलं. मग ती चित्राबाहेर गेली.

सादिकभाई टीव्हीकडं बघत नव्हते. ते इंदुताईकडं बघत होते. ती रडत होती आणि हसत होती. डावा गाल आधी, मग डोळे, आणि ओठांवर पदराचं टोक. सादिकभाईंनी ते फडकं आपल्याच डोळ्यांना लावलं.

"बाई," ते म्हणाले, "हे हसनं त मी तुमच्या तोंडावर कितीकदा पाह्यलं."

मी तुटले नाही. शेवटपर्यंत चालले, आणि आता पुन्हा लुंगीत, फळीवर आहे. मी सगळ्यांची आभारी आहे. ज्यांनी मला थांबवलं त्या बायांची, कारण ते त्यांचं प्रेम होतं. त्या तिसऱ्या राजकन्येचीही, कारण तिच्यात ती रिकामी जागा नसती तर मला खाली कोण काढणार होतं? तुमच्या घरी नवं काही आलं तर आनंदानं घ्या. पण जुनं टाकण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून एकदा पाहा. आणि जे जपाल त्याला एकाच जागी धरून बसू नका, पुढं चालू द्या. मी हे फार उशिरा शिकले.

या वर्षीच्या मंडईत प्रवीणनं ते उतरवलेलं गाणं गावाला दाखवलं. आता खूप वाकलेल्या गुलाबबाईला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. तिनं भागीरथेचं हसू पाहिलं, मग शेजारी बसलेल्या इंदुताईचा चेहरा दोन्ही हातांत धरला. हातातली कुंकवाची डबी उघडून तिनं पडद्याला नाही, इंदुताईच्या कपाळाला कुंकू लावलं.

"इंदू," ती म्हणाली, "मी चुकली वो. तू त मायवरच गेली."