चिटणिसाच्या दौतीची कहाणी

मित्रांनो, आज माझ्या पोटात शाई नाही, वासित शहरातल्या एका मसालेवाल्याचं जिरं आहे. मी एक जुनी पितळेची दौत. तांबटाने ठोकून ठोकून घडवलं तेव्हा फार दुखलं होतं. पण पुढे जे पाहिलं त्यापुढे ते काहीच नव्हतं.

बारा वर्षं मी सुभेदाराच्या दफ्तरात होते, चिटणीस मुहस्सिन यांच्या उजव्या हाताशी. ते गद्य लिहीत. त्यांची पत्रं ऐकून बगदादचे दूत मान डोलवत. त्यांचा बालमित्र उकैल कवी होता. दोघं भेटले की भांडण ठरलेलं.

"कवी वजिराच्या दाराशी ताटकळतो, चिटणीस आत बसतो," मुहस्सिन म्हणत. "वृत्त साधायला तुम्ही खऱ्याचं खोटं करता. गद्याला तसली लाचारी नाही."

"बस की आत!" उकैल हसे. "तुझं गद्य फक्त वाळवी वाचते, तेही चावून चावून. माझी ओळ उंटाच्या आधी गावात पोचते."

एका उन्हाळ्यात सुभेदाराने कालवा आपल्या बागांकडे वळवला. खालच्या गावांत पोरं तहानेने मेली. मुहस्सिन यांनी खलिफासाठी पत्र लिहिलं. गावांची नावं, साक्षी, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मग योग्य वेळ येईल म्हणून ते पेटीत ठेवलं.

उकैलने दोनच ओळी केल्या:

कालव्याचं पाणी गेलं सुभेदाराच्या बागेला,
पोरांच्या डोळ्यांतलं तेवढं उरलं आमच्या शेताला.

तीन दिवसांत घाटाघाटावर त्या ओळी झाल्या. चौथ्या दिवशी उकैलला धरलं. मुहस्सिन यांनी घाईघाईने पत्र शेगडीत घातलं. त्या ओळी मात्र कोण जाळणार?

"चिटणीस, शिक्षेचा हुकूम तुम्हीच लिहा," सुभेदार म्हणाला. "आणि झोकात लिहा हो, बगदादला वाचला जाणार आहे."

बोरू माझ्यात बुडत राहिला. अक्षर मोत्यासारखं उतरलं. दुपारच्या नमाजानंतर पुलापाशी उकैलचं डोकं उडवलं.

मुहस्सिन यांनी चाकरी सोडली. हिवाळाभर घरात बसून त्यांनी सगळं लिहिलं: कालवा, मेलेली पोरं, जाळलेलं पत्र, स्वतःचा हुकूमसुद्धा. ते बाड घेऊन ते उकैलच्या बहिणीकडे, सलामाकडे गेले. मी त्यांच्या कमरेला होते.

"सलामा, यात सगळं खरं लिहिलंय."

तिने पानं चाचपली. "दादा, मला कुठे वाचता येतं? उकैल म्हणायचा तसं यातलं थोडं तोंडपाठ म्हणून दाखव. मी पाठ करीन."

आपल्या साऱ्या लिखाणातलं मुहस्सिन यांना एकच तोंडपाठ होतं. तो हुकूम.

मित्रांनो, गद्य थोर की पद्य, हे मला विचारू नका. शाई दोघांची एकच. एवढंच सांगते. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवत जा. आणि कुणाच्या जिवासाठी पत्र लिहिलंत, तर ते त्याच दिवशी पाठवा.